बेचाळीस सेकंद

मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला संस्कृतीच्या डाव्या हाताची करंगळी मला दिसेना. म्हणजे होती तिच्याच हाताला, जाणार कुठं. पण गिटारच्या दांडीवर तीनच बोटं चालत होती आणि चौथं तळव्यात शिरून मुटकुळं करून बसलं होतं. मी समोर स्टुलावर, हातात चहा. वाशीमला पाटणी चौकाच्या मागच्या गल्लीत आमची माडी आहे. खाली नीलिमाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, झेरॉक्सचं दुकान आणि वर ही माझी शिकवणीची खोली. संस्कृती जवळच्याच शिरपूरहून एसटीनं येते. बावीस वर्षांची आहे, इथल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते, आणि आठवड्यातून दोनदा ड्यूटीच्या आधी माझ्याकडे गिटार. पाच वर्षांत सत्तर-ऐंशी जणांना शिकवलं असेल, त्यातली ही एकच. बाकीच्यांना कुणाच्या तरी वाढदिवसाला गाणं वाजवून दाखवायचं असतं, हिला नुसतं वाजवायचं असतं. "करंगळी कुठं गेली तुझी?" मी विचारलं. ती वाजवता वाजवताच म्हणाली, "तुमच्यावानी ठेवली, सर. तुमी आतच ठेवता नं." चहा बशीत सांडायचा तो माझ्या मांडीवर सांडला. चटका बसला हेसुद्धा मला जरा वेळानं कळलं. मी हसलो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, पण हसलो मी. "हां," म्हणालो, "राहू दे तशीच. बरी दिसते."

बरी दिसते. काय बोललो मी हे. ती गेल्यावर तिच्या जागी जाऊन बसलो, ओली पँट मांडीला चिकटलेली, आणि स्वतःचा डावा हात खिडकीच्या उजेडात धरून बघत राहिलो. खरी गोष्ट अशी की मी करंगळी आत ठेवत नव्हतो, ती जात होती. जूनपासून. शर्टाचं बटण लावताना जात नव्हती, पोळी मोडताना नाही, नीलिमाच्या दुकानात कागदांना पिना मारताना नाही. मी केरसुणी हातात घेऊन तिच्या दांड्यावर बोटं फिरवून पाहिली, तेव्हाही चारी बोटं शहाण्यासारखी चालली. गिटार घेतली आणि तिसरं बोट, म्हणजे अनामिका, टेकलं रे टेकलं, की करंगळी आत. उघडायला जावं तर अनामिकाही तिच्यामागं निघायची. दुखत मुळीच नव्हतं, आणि त्याचीच मला भीती वाटायची. दुखलं असतं तर मलम लावलं असतं, शेकलं असतं, कुणाला सांगितलं तरी असतं. न दुखणारी गोष्ट सांगायची कुणाला आणि कशी? पन्नाशीतला माणूस म्हणतो की माझी करंगळी फक्त गिटारवर रुसते, लोक म्हणतील याला काम नाही. मी तीन बोटांत बसतील असे बोटांचे रस्ते शोधून काढले. शिकणाऱ्यांना म्हणायचो, माझ्या उजव्या हाताकडे बघा, खरी करामत तिकडे असते. एसटीत बसलो की हात मांडीवर ठेवून करंगळीवर नजर ठेवायचो. आता जाईल, मग जाईल. चार महिन्यांत कुणाला दिसलं नाही. आणि जिला दिसलं तिला ते माझं कसब वाटलं, तिनं ते घरी नेलं, घोटलं, आणि आपल्या धडधाकट हातावर चढवून माझ्यासमोर आणून ठेवलं.

मी तेव्हाच का बोललो नाही, याला कारण रवी. रवी आमच्या बँडचा गाणारा, पुण्याचा. ऑगस्टपासून त्याचे फोन चालू होते. आमच्या एकुलत्या एका अल्बमला पंचवीस वर्षं झाली म्हणून नोव्हेंबरातल्या एका रविवारी पुण्यात कार्यक्रम ठरला होता. हॉल ठरला, पोस्टर झालं, त्यावर माझा जुना, केसवाला फोटो. रवी म्हणायचा, "पवन्या, बाकी सगळं आम्ही रेटून नेऊ रे. लोक येणार ते 'विहीर'च्या बेचाळीस सेकंदांसाठी. तेवढं वाजवून पाठव ना एकदा, नवा ड्रमर आहे, त्याला अंदाज येऊ दे." 'विहीर' हे आमचं गाणं. त्यात दुसऱ्या कडव्यानंतर शब्द संपतात आणि बेचाळीस सेकंद नुसती गिटार आहे. ते बेचाळीस सेकंद म्हणजे मी. बाकीचा मी कुणाच्या लक्षात नाही, आणि खरं सांगायचं तर माझ्याही फारसा नाही. त्या तुकड्यात करंगळीवाचून भागत नाही, शेवटची तार तिनंच ओढायची असते आणि ओढून धरायची असते. मी रवीला सांगत राहिलो की इथं वीज नसते, मोबाइल बिघडलाय, सोयाबीनचा सीझन आहे, धूळ फार आहे. सोयाबीनचा आणि माझा काय संबंध? पण पुण्याच्या माणसाला हे पटतं.

ते बेचाळीस सेकंद पुण्यात सुचलेच नव्हते, ते रिठदचे, माझ्या गावचे. अकोल्याला कृषी महाविद्यालयात होतो तेव्हा हॉस्टेलवर कुणाच्या तरी टेपवर मी पहिल्यांदा इलेक्ट्रिक गिटार ऐकली आणि दोन दिवस नीट जेवलो नाही. मग कारंज्याचा ग्यानबा भेटला. तो वरातीच्या गाडीवर बेंजो वाजवायचा, त्याच्याकडे एक जुनी लाल गिटार पडून होती, एक खुंटी मोडलेली. दिवाळीच्या सुट्टीत ती मी घरी आणली, तिच्याबरोबर ग्यानबानंच जोडून दिलेला, आवाज वाढवायचा खोक्याएवढा अॅम्प. आणि लाइन गेली. आमच्याकडे तेव्हा लाइन असण्याची बातमी व्हायची, नसण्याची नाही. आता विजेवरची गिटार विजेशिवाय म्हणजे लाकडाची फळी. तारा हलतात, आवाज येत नाही. बाबा, उकंडराव, दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. "हे मुकं जनावर कायले आणलं बे?" मला राग आला. मी तारा आणखी जोरात दाबल्या, आवाज निघावा म्हणून बोटांची हाडं दुखेस्तोवर दाबल्या. आणि तसाच रागानं मागं सरकलो तर गिटारचं डोकं तूर साठवायच्या पत्र्याच्या कोठीला टेकलं, आणि कोठी बोलली. भसाड, झणझणीत, पत्रा थरथरल्याचा आवाज. त्यानंतर दोन-तीन वर्षं प्रत्येक सुट्टीत मी कोठीला टेकून वाजवत होतो. कोठी भरलेली असली की आवाज बसायचा. उन्हाळ्यात ती रिकामी होत जायची तसतसा मोकळा व्हायचा. बाबा म्हणायचे, "काहून रे, कोठीले काय ऐकवून राह्यला? आत उंदीर हायत, तेच ऐकतीन." आई, तुळसाबाई, डाळ निवडत बसलेली असायची, ती म्हणायची, "वाजवू द्या त्याले. निवडता निवडता बरं वाटते." त्या पत्र्याला जागं करायला तार फार जोरात दाबावी लागायची. आवाज आला नाही तर आणखी दाब, असं माझ्या हातानं तेव्हा शिकून घेतलं. आणि एकदा का हात शिकला की तो कुणाचं ऐकत नाही.

पुण्यात रवी भेटला तेव्हा मी बावीस-तेविसाचा. मी "काय करून राह्यला" म्हटलं की सगळे हसायचे, मग मी ते म्हणणं सोडलं. बोली घासून घासून काढली, हात मात्र तोच राहिला. बँडला नाव सुचत नव्हतं. मी म्हणालो, थ्री फेज. त्यांना कळेना. मी समजावलं की आमच्याकडे थ्री फेज आली की विहिरीवरची मोटर चालते, आणि ती केव्हा येईल याचा नेम नसतो म्हणून सगळं गाव हातातलं टाकून पळतं. रवीला फारच आवडलं, त्यानं त्यावरच गाणं लिहिलं. 'विहीर' ते. रेकॉर्डिंगला मी ते बेचाळीस सेकंद एका दमात वाजवले, डोळ्यांपुढं कोठी. रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं हा आवाज कुठला, मी म्हणालो कोठीचा. त्याला वाटलं ती कुठली तरी परदेशी कंपनी, त्यानं वहीत लिहून घेतलं. पुढची चार-पाच वर्षं कशी गेली ते मला खरंच सांगता येणार नाही. कॉलेजांची गॅदरिंगं, टेम्पोच्या मागं अॅम्पवर बसून केलेले प्रवास, पोरं खालून ओरडायची, विहीर, विहीर. मला वाटायचं हे असंच असतं, असंच राहतं. मग बासवाला अमेरिकेला गेला, आमचा पहिला ड्रमर विमा विकायला लागला, रवी जाहिरातींत शिरला. मी सिरियलींच्या सुरुवातीची गाणी वाजवली, गाणाऱ्यांच्या मागं काळा शर्ट घालून उभा राहिलो. एकदा एका कॉलेजात सामान उतरवत होतो तर तिथल्या मुलीनं अदबीनं विचारलं, "काका, तुमचा मुलगा वाजवतो का?" मी हो म्हणालो. मला मुलगा नाही, मूलच नाही. त्या दिवशी वाजवताना मला पहिल्यांदा हाताची भीती वाटली. काही बिघडलं नव्हतं तेव्हा. पण हा हात नसला तर मी काय, असं मनात आलं, आणि एकदा आलेलं ते परत गेलं नाही. बाबा गेले. पुढं कोरोनात पुण्यातली खोली सोडली, आई रिठदला थोरल्या भावाकडे, आम्ही दोघं वाशीमला.

तर संस्कृतीनं ते दाखवलं आणि मी काय केलं, तर रियाज वाढवला. रिठदच्या माणसाला दुसरं काय सुचणार? विहिरीला पाणी लागलं नाही तर आमचे लोक आणखी खोदतात, पीक पिवळं पडलं तर आणखी एकदा डवरतात, माती उकरतात. कमी करून काही बरं होतं हे आमच्या घरात कुणी ऐकलेलं नाही. मी पहाटे साडेपाचला उठून बसायला लागलो. करंगळीला आइस्क्रीमची काडी बांधून पाहिली, रबर लावून बाहेर ओढून पाहिली, पट्टी गुंडाळून पाहिली. बांधलेली असेपर्यंत ती सरळ, सोडली की दुप्पट वेगानं आत. बेचाळीस सेकंदांतले पहिले तीस बरे जायचे, मग ती शेवटची ओढ जवळ यायची. जिना चढताना पायरी नाही हे माहीत असून पाय टाकावा, तसं मी रोज चाळीस-पन्नास वेळा तिथं पाय टाकायचो. नीलिमा चहा घेऊन वर आली आणि दारातच थांबली. अकोल्याची आहे ती, तोंडावर बोलते. "किती वाजवसान? कालच्याहून आज वाईट ऐकू येऊन राह्यलं." मी तिच्यावर खेकसलो, तुला काय कळतं म्हणालो. पंचवीस वर्षं माझं ऐकत आलेल्या बाईला मी हे म्हणालो. ती कप ठेवून गेली. तिला कळत होतं हेच तर मला सोसवत नव्हतं.

आणि या सगळ्यात ती पोरगी दर मंगळवार-शुक्रवारी यायची, करंगळी आत घालून बसायची आणि सुंदर वाजवायची. दोन आठवडे मी तिचा हात बघत राहिलो आणि बोललो नाही. आज सांगू म्हणायचो. पण सांगितलं की ती विचारणार, मग तुमची का जाते? आणि ते एकदा तोंडातून निघालं की खरं होणार. रवीपर्यंत जाणार, पोस्टरपर्यंत जाणार. शेवटी तीच म्हणाली, कोपराच्या खाली हात चोळत, "सर, इथं ओढल्यासारखं होऊन राह्यलं. अन् काल तर गंमतच झाली. लॅबमधी एका बाईची शीर धरून होती मी, तं करंगळी आपोआप आत गेली. मले हसूच आलं. म्हटलं, सरांची करंगळी इथंबी आली." ती हसत होती. मी तिला म्हणालो, आज पुरे, जा तू, मला बरं नाही. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं अकोल्याला गेलो, गिटार गुडघ्यांत धरून. मेंदूचे डॉक्टर होते, म्हातारे, शांत. त्यांनी माझा हात दाबला, वाकवला, टाचणी टोचली, सगळं ठीक म्हणाले. मग म्हणाले, वाजवा. बाहेर पेशंट बसलेले, नर्स दारातून वाकून बघतेय आणि मी दवाखान्यात बेचाळीस सेकंद वाजवतोय. करंगळी गेली. डॉक्टर चष्मा वर करून पुन्हा पुन्हा बघत राहिले आणि म्हणाले, "वा." मग जरा ओशाळून, "नाही, म्हणजे पुस्तकात असतं तसंच आहे अगदी." त्यांनी एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. हाताला काही झालेलं नव्हतं. एकच हालचाल वर्षानुवर्षं जोर लावून केली की डोक्यातल्या या दोन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळतात, एकाला हाक मारली की दुसरंही ओ देतं. "सध्या रोज किती वेळ वाजवता?" मी अभिमानानं म्हणालो, सहा तास. त्यांनी पेन खाली ठेवलं. "जितकं जास्त वाजवाल तितकं हे पक्कं होत जाईल. गेले चार महिने तुम्ही याचाच रियाज केलाय." इंजेक्शनं असतात म्हणाले, मोठ्या शहरात, मग अगदी पहिल्यापासून शिकणं, वर्षं लागतात, काहींना थोडंफार परत येतं. नोव्हेंबरात? त्यांनी नुसती मान हलवली. उठता उठता मी विचारलं, हे बघून दुसऱ्याला होतं का? ते म्हणाले, "लागण नाही होत. पण सवय लागते. वेळेत मोडली तर ती सवयच राहते. नाही मोडली तर सांगता येत नाही." बसमध्ये खिडकीपाशी बसून मी जे विचार केले ते सांगायची लाज वाटते. हा माझा हात गेला याचं रडू मला येत नव्हतं. मी हिशेब मांडत होतो की शेवटची ओढ तिसऱ्या बोटानं घेतली तर हॉलमध्ये किती जणांना कळेल. रवीला कळेल. बाकी कुणाला नाही. म्हणजे कार्यक्रम होऊन जाईल, आणि मग निवांत संस्कृतीला सांगता येईल. फक्त तीन आठवडे. तीन आठवडे तिनं माझ्या इभ्रतीसाठी आपला हात वाकडा ठेवायचा. मेडशी गेलं, मालेगाव गेलं, आणि मला माझीच अशी किळस आली की मी उतरायच्या आधीच तिला फोन केला, शुक्रवारी जरा लवकर ये म्हणालो.

ती आली. मी तिला काही वाजवू दिलं नाही. म्हणालो, "बस समोर, अन् माझ्या डाव्या हाताकडे बघ." आणि कुठलाही आडमार्ग न घेता, चार बोटांनी, जसे वाजवायचे तसे बेचाळीस सेकंद सुरू केले. तीस सेकंदांनंतर हात कोसळला. करंगळी आत, अनामिका तिच्यामागं, शेवटची तार अर्धवट ओढली जाऊन कण्हल्यासारखी खाली आली. मी थांबलो नाही, पुन्हा केलं, तिसऱ्यांदा केलं. "बघून राह्यली ना? ही स्टाईल नाय. हा रोग हाय. मी आत ठेवत नाय, ते जाते." पंचवीस वर्षं घासून काढलेली बोली तोंडात कधी आली ते मला कळलं नाही. मला वाटलं तिला माझी कीव येईल, आणि मी त्याची तयारी केली होती. तिनं आपला हात ओढणीखाली घेतला आणि म्हणाली, "मंग त्या दिवशी बरी दिसते काहून म्हटलं?" मी म्हणालो, "भेलो मी." "कायले?" "तुले समजलं तं सगळ्याइले समजन म्हणून." ती उठली, गिटार पिशवीत घातली, चेन लावली. दारातून म्हणाली, "मी हातानं काम करतो, सर. मले तं हे एकच हाय." जिन्यावरून उतरल्याचा आवाज आला, मग खाली नीलिमाशी दोन शब्द, मग काही नाही.

मंगळवारी ती येणार नाही हे मी धरूनच चाललो होतो. तरी नऊपासून खिडकीत उभा. शिरपूरची बस येऊन गेल्याला पाऊण तास झाला. एके काळी लोक त्या बेचाळीस सेकंदांची वाट बघायचे, त्यांना असंच होत असेल का, असलं काहीतरी वेड्यासारखं डोक्यात येत होतं. साडेदहाला जिना वाजला. ती आत आली, बसली, हात पुढं केला आणि तुटकपणे म्हणाली, "सांगा कशी ठेवायची." मग जे शिकवणं झालं तसं मी आयुष्यात शिकवलेलं नाही. करून दाखवायला हात नव्हता. सगळं बोलून सांगायचं. इतकं जोरात दाबू नको, तारेला नुसता आधार दे, आवाज अॅम्पमधून येणार आहे, तुझ्या हाडांतून नाही. हे मला कुणी सांगितलं असतं तर, असं दर वाक्याला मनात यायचं आणि मी पुढं सांगत राहायचो. तिची करंगळी पहिल्या दिवशी चारदा आत गेली, दुसऱ्या वेळी दोनदा. आत गेली की मी स्टुलावरून उठायचो आणि ती मात्र, "थांबा, जाते कुठं," म्हणून तिला बाहेर काढायची. रोज आली ती मग, रविवारीसुद्धा. तिनं स्वतःहून विहीर घ्यायचं ठरवलं. मी नको म्हणालो नाही. मनातून नको होतं मला.

कार्यक्रमाला आठ दिवस होते. रविवारी सकाळी ती खिडकीपाशी वाजवत होती आणि रवीचा फोन आला. दोन दिवस मी त्याचे फोन उचलले नव्हते, हा उचलला, आणि कानाला लावणार तोच रवी ओरडला, "थांब, थांब, बोलू नको, वाजू दे." मी चुकून स्पीकर लावला की मुद्दाम, मला आजही सांगता येत नाही. संस्कृती विहिरीत पार आत उतरली होती, तिला फोनचा पत्ता नव्हता. तीस सेकंद झाले. मी डोळे मिटले. करंगळी उठली, शेवटच्या तारेवर पडली, तार ओढली गेली आणि वर जाऊन थांबली, थरथरत थांबली, आणि सुटली नाही. मग फोनमधून रवीचा आवाज आला, ओला झालेला. "पवन्या. हलकट माणसा. तीन महिने घाबरवलंस मला. तोच हात आहे रे. मी झोपेत ओळखीन हा हात." संस्कृतीनं वर पाहिलं. माझ्या छातीत इतका आनंद भरून आला की मला तो सहन होईना. हात पंचवीस वर्षांपूर्वीचा होता तसाच्या तसा, आणि तो माझा नव्हता. मी म्हणालो, "हो." ती माझ्याकडे बघत होती. रागानं नाही, नुसती बघत होती, बोटं अजून तारांवर. मी म्हणालो, "रवी, ऐक. मी नव्हतो वाजवत." "म्हणजे?" "माझा हात गेलाय. जूनपासून. अकोल्याला दाखवून आलो. परत येणारा नाही. हे वाजवणारी संस्कृती आहे, माझ्याकडे शिकते. रविवारी ती वाजवेल. तिला अजून विचारलेलं नाही." संस्कृती हळूच म्हणाली, "सुट्टी टाका लागन," आणि मान खाली घातली.

मग रवीनं विचारलं, अगदी साध्या आवाजात, कामाचं विचारावं तसं, "तुझी खुर्ची कुठं ठेवू? वर का खाली?" हा प्रश्न मी इतक्या महिन्यांत स्वतःला विचारला नव्हता. बाकी सगळं विचारलं होतं. वर म्हणालो असतो तरी चाललं असतं, रवीनं मला मधोमध बसवलं असतं, लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या, हात मांडीवर ठेवून बसलेल्या माणसासाठी वाजवतात तसल्या. नीलिमा केव्हा वर आली होती कोण जाणे, दाराच्या चौकटीला धरून उभी होती. "खाली," मी म्हणालो. "पुढच्या रांगेत नको. मागं साउंडवाला बसतो ना, त्याच्या बाजूला ठेव. तिथं सगळं नीट ऐकू येतं." रवी बरं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मी फोन खिशात घातला, मग काढला, मग पुन्हा घातला. संस्कृती म्हणाली, "सर, तुमी रडून राह्यले का?"

"हो," मी म्हणालो. "तू वाजव."